भिवाबाचा दोर

केळझर, ता. सेलू, जि. वर्धा
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय केशव अंजर्लेकर सर,

आपली ओळख नाही. मी वेदश्री भैय्याजी खारकर. आमचं घर भाजीपाल्याचं. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. सेलूच्या बाजारात विकतो. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, आता वर्ध्याला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

कॉलेजच्या वाचनालयात ‘लॅपविंग’ जहाजावरचे तुमचे पहिले दोन लेख वाचले. दीडशे वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्राची खोली मोजत फिरणारं जहाज. खरं सांगते, चित्र दिसलं नसतं तर मी पान उलटलं असतं. आमच्या जिल्ह्यात समुद्र म्हणजे समुद्रपूर, आणि तिथे एस.टी. जाते.

पण दुसऱ्या लेखात तुम्ही खोली मोजायच्या दोराचं चित्र काढलंय. खोलीचं माप वाव. दोन वावेवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरी चिंधी, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. मधे चारवर, सहावर काहीच नाही. खाली शिशाचं लांबट वजन, त्याच्या बुडाला खळगा. खळग्यात चरबी भरायची म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येते.

सर, हा दोर आमच्या घरी आहे.

होळी झाली की बाबा तो विहिरीत सोडतात. किती भिजला ते पाहून उन्हाळी भाजी लावायची की नाही ते ठरतं. पांढऱ्या चिंधीपर्यंत ओला झाला तर वांगी-भेंडी. तीन पट्ट्यांपर्यंत झाला तर नुसता पालक-सांभार. दोनवर थांबला तर जमीन तशीच ठेवायची. शिशाच्या खळग्यात आम्ही कणकेचा गोळा भरतो, तळाला गाळ किती ते कळतं. लहानपणी मला वाटायचं तो विहिरीचा नैवेद्य आहे. चारवर खूण काऊन नाही, हे आजवर कोणी विचारलं नाही.

त्याला घरात ‘भिवाबाचा दोर’ म्हणतात. भिवा म्हणजे माझ्या बाबांच्या पणजोबांचे वडील. वर्ध्याला रेल्वे आली तेव्हा रुळांच्या कामावर ते आले आणि राहिले. कुठून आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते ‘लॅपविंग’वर होते, असं मला वाटतं. तुमचं पुस्तक येणार असं लेखाखाली लिहिलंय. त्यात त्यांचं नाव येईल का? तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिहा, असंही लिहिलंय, म्हणून लिहिलं.

आपली,
वेदश्री


रत्नागिरी
२ डिसेंबर २०२४

कु. वेदश्री खारकर यांना,

पत्र मिळालं. वर्धा जिल्ह्यातून ‘लॅपविंग’बद्दल कोणी विचारेल, असं चाळीस वर्षं समुद्र मोजूनही मला कधी वाटलं नव्हतं.

मात्र काही गोष्टी स्पष्ट करतो. तुम्ही लिहिता त्या खुणा एकट्या ‘लॅपविंग’च्या नाहीत. त्या काळातल्या शेकडो जहाजांवर त्याच होत्या. अंधारातही बोटांना कळाव्यात म्हणून चामडं आणि वेगवेगळं कापड. असा दोर तुमच्याकडे कुठूनही आला असेल. भंगारातूनसुद्धा.

‘लॅपविंग’ १८४४ साली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. सागवानी, दोन डोलकाठ्यांचं. नोव्हेंबर ते मे ते किनाऱ्याजवळ नांगर टाकून असे आणि त्याच्या होड्या ओळीने खाडीत फिरत. पुढे एक माणूस दोर टाकून खोली ओरडून सांगे, मागे अधिकारी कोन मोजून ती कागदावर मांडी. सोळा हंगाम हे चाललं. लेफ्टनंट ॲशकॉम यांचे नकाशे इतके सुबक आहेत की मी तरुणपणी ते समोर ठेवून अक्षर गिरवलं. १८६३ला जहाज मोडीत गेलं. त्याच्या फळ्या अलिबागकडच्या एका गोदामाच्या छताला होत्या, त्या मी पाहिल्या आहेत. या सगळ्यामागे माझी बारा वर्षं गेली.

जहाजाच्या हजेरीपटात अधिकाऱ्यांची नावं आहेत. बाकीच्यांची नाहीत. ‘देशी खलाशी, बेचाळीस’ एवढंच आहे. कागदाशिवाय मी नाव छापू शकत नाही.

हवं तर दोर मोजून पाहा. जहाजी वाव म्हणजे बरोबर सहा फूट. माप जुळलं तर कळवा.

शुभेच्छांसह,
केशव अंजर्लेकर


केळझर
२० डिसेंबर २०२४

आदरणीय सर,

तुमचे दोन्ही लेख मी पुन्हा काढून वाचले आणि पेन्सिलने नावं मोजली. तीन कप्तान, सात अधिकारी, एक डॉक्टर, एक गोरा सुतार आणि कप्तानाचा पोपट. पोपटाचं नाव पर्किन्स होतं. तो कोणत्या साली मेला तेही तुम्ही दिलंय. समुद्रात दोर टाकणाऱ्या बेचाळीस माणसांपैकी एकाचंही नाव नाही. हे तुम्हाला लिहिताना खटकलं नाही का? रागावू नका. मला खरंच विचारायचं आहे.

दोर मोजला. बाबा खळ्यात शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, “काय करून राह्यली वं?”

म्हटलं, “भिवाबाचा दोर मोजून राह्यली.”

“दोरानं विहीर मोजतेत. दोर कोन मोजते? एवढी शिकली अन् हेच शिकली काय?”

शेजारच्या शोभाबाई कुंपणावरून म्हणाल्या, “पोरगी पुस्तकात नाव छापून आणणार हाय म्हणे.” त्यावर बाबा म्हणाले, “नाव छापलं तं विहिरीले पानी वाढते काय?”

सर, माप जुळलं नाही. शिशाच्या बुडापासून दोन पट्ट्यांपर्यंत दहा फूट चार इंच. पांढऱ्या चिंधीपर्यंत पंचवीस फूट दहा. लाल चिंधीपर्यंत छत्तीस फूट दोन. कुठूनही भागलं तरी एक वाव पाच फूट दोन इंचाचीच येते. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा बाबांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

हे तुम्हाला न कळवता राहता आलं असतं. पण तुम्ही मोजायला सांगितलं होतं, म्हणून कळवते.

तरीही मला वाटतं, ते जहाजावर होते. नुसतं भंगार घरी आणणारा माणूस त्याच्या खुणांचा अर्थ पोरांना शिकवत नाही.

आपली,
वेदश्री


रत्नागिरी
६ जानेवारी २०२५

कु. वेदश्री यांना,

पाच फूट दोन इंच म्हणजे तो जहाजी दोर नाही. विषय इथे संपतो असं मला वाटतं. पुस्तक या महिन्याअखेर छापायला जाईल. आपल्या अभ्यासाला शुभेच्छा.

के. अंजर्लेकर

ता.क. केवळ कुतूहल म्हणून विचारतो. दोर दीडशे वर्षं टिकत नाही. तो बदलत असाल. नवा करताना खुणांची मापं कशी घेता?


केळझर
१९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

चार ओळींचं पत्र आलं. मी पोस्टातून घरी येईपर्यंत ते तीनदा वाचलं, की कागदाच्या मागे काही लिहिलंय का म्हणून.

विषय संपला असेल तर ता.क. कशाला? पण तुम्ही विचारलंय, म्हणून सांगते.

बाबांची आत्या तानाबाई आमच्याकडेच असते. दोर बांधायचं काम तिचं. सात-आठ वर्षांनी नवा करावा लागतो. तिला विचारलं, “आजी, मापं कशी घेता?”

“मापं काऊन घ्यायची? जुना दोर हाय न.”

पद्धत अशी. जुना आणि नवा दोन्ही दोर रात्रभर हौदात भिजत घालायचे. सकाळी अंगणात शेजारी शेजारी ताणून दोन खुंट्यांना बांधायचे. मग जुन्याच्या प्रत्येक खुणेसमोर नव्यावर खूण बांधायची. शिसं तेच, चामडं शक्य असेल तर तेच. कोणी हाताने वाव टाकायची नाही, हा कडक नियम आहे. एकदा बाबांच्या काकांनी घाईघाईने स्वतःच्या हातांनी वाव टाकून बांधायला घेतला, तर तानाबाईच्या वडिलांनी त्यांच्या थोबाडीत दिली होती.

“काऊन पण?” मी विचारलं.

“तुह्या बाबाच्या काकाचे हात लांब होते न. भिवाबाचे हात बारके. माणूस बुटका होता. ही त्याची वाव हाय, पोरी. दुसऱ्याची घातली तं विहिरीचं पानी खोटं होते.”

म्हणजे पाच फूट दोन इंच हे एका माणसाच्या दोन पसरलेल्या हातांचं माप आहे. मी हात पसरून पाहिले. माझे दोन बोटं कमी पडले. बाबांचे चांगलेच जास्त झाले. त्यांचा फोटो नाही, सही नाही, जन्मतारीख नाही. हात मात्र आहेत.

तुम्हाला कागद हवा. माझ्याजवळ दोर आहे. कागद फक्त ज्यांना लिहिता येत होतं त्यांचेच उरले, सर. मग पुस्तकातही तेच उरणार, आणि आम्ही पुन्हा पुन्हा ‘खलाशी, बेचाळीस’. मी शिकले ते एवढंच ऐकायला?

जास्त बोलले असेन तर माफ करा. खोडत मात्र नाही.

वेदश्री


केळझर
४ फेब्रुवारी २०२५

सर,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते.

तुमचा तिसरा लेख असलेला अंक कॉलेजात परवा आला. आमच्याकडे सगळं उशिराच येतं. त्यात मोरवणे खाडीची हकीकत आहे. १८६०-६१च्या हंगामात ‘लॅपविंग’ने त्या खाडीचा नकाशा केला. तो चुकीचा निघाला. पुढच्या पाहणीत कळलं की नकाशात जिथे सात वाव पाणी लिहिलंय तिथे सहाच आहे. सगळ्या खाडीभर तसंच. आणि १८६२मध्ये त्या नकाशावर भरवसा ठेवून आलेली एक आगबोट खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढून फुटली. भट्टीवर काम करणारी दोन माणसं बुडाली. तुम्ही लिहिलंय, ‘या चुकीचं कारण अखेरपर्यंत कळलं नाही.’

मी गणितात कच्ची आहे. पण भाजीवाल्याच्या घरातली आहे, मापात फसत नाही. सात वेळा पाच फूट दोन इंच म्हणजे छत्तीस फूट दोन. सहा जहाजी वावा म्हणजे छत्तीस फूट. नकाशात खाडीच्या तोंडाशी दोन वाव, म्हणजे बारा फूट. आगबोटीला लागत होतं अकरा फूट. आमच्या दोराच्या दोन पट्ट्या दहा फूट चार इंचांवर आहेत, म्हणजे खरं पाणी तेवढंच होतं.

हे पत्र मी तीन दिवस लिहिलं नाही. वहीचं ते पान फाडून चुलीत घालावं असंही मनात आलं. मला त्यांचं नाव पुस्तकात हवं होतं ते अभिमानाने दाखवायला. ‘माझ्या घरातला माणूस, त्याने समुद्र मोजला’, असं. आता हे असं निघालं.

पण मग तुमची पत्रं काढून पाहिली. डिसेंबरात मी मापं लिहिली आणि जानेवारीत तुमचं पत्र चार ओळींचं झालं. चाळीस वर्षं समुद्र मोजणाऱ्या माणसाला हे गणित एका क्षणात कळलं असणार. तुम्हाला ठाऊक होतं.

मला कळून घ्यायचं आहे, आणखी काय ठाऊक आहे.

वेदश्री खारकर


रत्नागिरी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. वेदश्री,

ठाऊक होतं. गणितही, आणि त्याच्याही आधीचं.

हजेरीपटात नाव नाही, हे मी खरं लिहिलं. दुसऱ्या एका कागदात आहे, हे लिहिलं नाही. आगबोट फुटल्यावर चौकशी झाली होती. तिच्या कागदांची नक्कल माझ्या कपाटात नऊ वर्षं आहे. तुझ्या पहिल्या पत्रात ‘भिवा’ वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

त्यात एका म्हाताऱ्या खलाशाची जबानी आहे. हंगामाच्या सुरुवातीला जुना दोर खडकात अडकून तुटला. साहेबांनी भिवाला नवा बांधायला सांगितलं. भिवाने किनाऱ्यावर सगळेच बांधतात तसा, हात पसरून वाव मोजत बांधला. त्याला फूटपट्टी कोणी दिली नाही. माणूस ठेंगणा होता. शेवटी लिहिलंय, की चौकशी सुरू व्हायच्या आतच भिवा शिसं आणि दोर घेऊन पसार झाला. दोरच नसल्याने काहीही सिद्ध झालं नाही. भिवाच्या नावापुढे शेरा आहे : निष्काळजी, आणि चोर.

तुला हे कळू नये म्हणून गप्प बसलो, असं लिहायचं मी आधी ठरवलं होतं. ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं असं. रोज सकाळी होडी निघण्याआधी दोर डेकवर ठोकलेल्या खिळ्यांशी लावून तपासायचा, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याने वहीत सही करायची, असा नियम होता. माझ्या नोकरीतही तो होता. त्या हंगामात एकशे अठरा दिवस वहीत ‘दोर तपासला’ असं लिहिलंय. एकशे अठरा सह्या लेफ्टनंट ॲशकॉम यांच्या आहेत. त्याच अक्षरात, जे मी गिरवलं. एक दिवस जरी तपासला असता, तरी पहिल्याच खिळ्याला चूक कळली असती.

तुझा दोर नव्हता तोवर मला ‘कारण कळलं नाही’ असं लिहिता येत होतं. डिसेंबरात तुझी मापं आली. तानाबाईंची पद्धत वाचली तेव्हा शंका उरली नाही. इतकी जपलेली मापं मी भल्या भल्या जहाजांवर पाहिली नाहीत. तोवर पुस्तक छापखान्यात गेलं होतं, असं म्हणता आलं असतं. पण तुझं पत्र आलं २४ जानेवारीला, आणि पुस्तक गेलं ३१ला. मधे सात दिवस होते.

आता तीनशे प्रती बांधून तयार आहेत. पुन्हा छापणं माझ्या हातात नाही. शुद्धिपत्र लावता येईल.

केशव अंजर्लेकर


केळझर
२४ फेब्रुवारी २०२५

सर,

शुद्धिपत्र. म्हणजे पुस्तकाच्या शेवटी एक चिठोरी, ‘आचार्यच्या जागी आचर्य छापले आहे’ अशी. ती कोण वाचतं? पोपटाला छापील पान, आणि भिवाला चिठ्ठी. दोन दिवस ते पत्र मी वहीतच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी घरात तुमचं पत्र वाचून दाखवलं. तानाबाई शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “चोर म्हनते? छापून? मंग राहू दे बाई. नाव नाई आलं तं कोनाचं काय बिघडलं? दीडशे वर्षं नाई आलं.”

मी म्हटलं, “पण खरं आहे ते.”

“खरं हाय म्हनून गावभर सांगत फिरते काय? तुह्या लग्नात कोनी इचारलं, तुमच्या घरचा चोर कोनता, मंग?”

बाबांनी पत्र हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. मग विचारलं, “ते दोघं मेले, भट्टीवाले. त्याइचं नाव काय होतं?”

तुमच्या पत्रात नव्हतं. मी सांगितलं, माहीत नाही.

“मंग त्यानं चोरला नाई,” बाबा म्हणाले. “ज्या दोरानं दोघं बुडाले तो दोर दुसऱ्याच्या हाती कसा देईन माणूस? संग घेऊन आला. जिथं समुद्र नाई तिथं आला. अन् विहिरीत सोडत बसला. विहिरीत कोनी बुडत नाई दोरानं.”

बाबांना एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ते म्हणतात तसंच असेल, याला माझ्याकडे कागद नाही. म्हणून ते छापा असं मी म्हणणार नाही. पण जे आहे ते सगळं छापा. भिवाचं नाव, चूक, तो चोर ठरला हे, आणि त्या सह्या. त्यातलं सोयीचं तेवढं घेणार असाल तर काहीच नको.

वेदश्री


रत्नागिरी
३ मार्च २०२५

चि. वेदश्री,

तू रागावलीस ते बरोबर आहे. पण चिठ्ठीबद्दल एक सांगतो.

आमच्या कामात नकाशा एकदा छापला की दहा-वीस वर्षं चालतो. मधे कुठे वाळू सरकते, कुठे खडक सापडतो, कुठे जुनी चूक उघडी पडते. मग त्या जागेच्या मापाचा कागदाचा तुकडा छापतात, आणि तो जहाजावर जुन्या नकाशावर खळीने चिकटवतात. जुनं त्याच्याखाली झाकलं जातं. मी स्वतः हजारो चिकटवले असतील. मोठ्या सुबक नकाशात सुकाणूवाला आधी तो तुकडाच बघतो, कारण कोणीतरी अलीकडे तिथे जाऊन आलेला असतो.

शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी टाकणार नाही. पान एकशे बारावर, त्या नवव्या ओळीवरच चिकटवीन. मजकूर तू लिही. मी शब्द बदलणार नाही.

बुडालेल्या दोघांची नावं मी शोधली. मिळाली नाहीत.

केशव अंजर्लेकर


केळझर
८ मार्च २०२५

सर,

मजकूर पाठवते. आठ वेळा लिहिला. तानाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “‘चोर’ लिहिलं न शेवटी.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “बुटका होता तेबी लिहिजो. लोकाइले समजलं पाहिजे.”

‘पान ११२, ओळ ९. “या चुकीचं कारण अखेरपर्यंत कळलं नाही” याऐवजी असे वाचावे : दोर भिवा नावाच्या खलाशाने बांधला. तो ठेंगणा होता. त्याला फूटपट्टी दिली नव्हती, म्हणून त्याने आपल्या हातांची वाव धरली. ती पाच फूट दोन इंच होती. दोर रोज तपासल्याच्या एकशे अठरा सह्या लेफ्टनंट ॲशकॉम यांच्या आहेत. दोर एकदाही तपासला नव्हता. चौकशीत भिवाला निष्काळजी आणि चोर ठरवले. दोर त्याच्या वंशजांकडे केळझर, जि. वर्धा येथे आहे; कोणालाही मोजता येईल. बुडालेल्या दोघांची नावे मिळालेली नाहीत.’

पर्किन्सला राहू द्या. त्याचा काही दोष नाही.

वेदश्री


रत्नागिरी
२१ मार्च २०२५

चि. वेदश्री,

चिकटवलं. पंधरा प्रती आधीच बाहेर गेल्या होत्या, त्यांच्या मालकांना पत्रं लिहून चिठ्ठ्या पाठवल्या. उरलेल्या दोनशे पंच्याऐंशी मी एकट्याने चिकटवल्या, रोज पन्नास. हात थरथरतो, त्यामुळे काही तिरक्या बसल्या आहेत.

एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून सूनबाईंना सांगितलं, की म्हातारपणी अंजर्लेकरांनी स्वतःच्याच पुस्तकाला भोक पाडलं. ॲशकॉमचे नकाशे मी भिंतीवरून काढलेले नाहीत. सुबक आहेतच ते. पण त्यांच्याकडे आता पूर्वीसारखं बघवत नाही, आणि याचा राग कोणावर काढावा हे कळत नाही. तुझ्यावर काढणं सोपं होतं. ते जानेवारीत करून झालं.

एक प्रत पाठवतो आहे. यंदा विहिरीत पाणी किती, ते कळव.

के. अं.


केळझर
२ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

पुस्तक मिळालं. आमच्या प्रतीतली चिठ्ठी सरळ आहे.

घरात फार काही झालं नाही. शोभाबाई येऊन पाहून गेल्या. त्यांना वाटलं होतं नाव वरती मोठ्या अक्षरात असेल. “एवढुसं?” म्हणाल्या. कॉलेजात सरांना दाखवलं, तर ते म्हणाले छान, पण परीक्षेला याचा उपयोग नाही. मला अजूनही राग येतो. कशाचा ते नीट सांगता येत नाही. सगळं खरं छापून आलं, तरी ते चिकटवलेलंच आहे, असं वाटत राहतं.

बाबांनी पुस्तक दोनदा मागून घेतलं. वाचत नाहीत. पान एकशे बारा उघडून चिठ्ठीवर अंगठा फिरवून पाहतात, सुटत तर नाही ना म्हणून.

विहिरीत दोर तीन पट्ट्यांवर थांबला. म्हणजे पालक-सांभार. मी बाबांना सांगितलं, साडेपंधरा फूट पाणी आहे. ते म्हणाले, “मले फुटात नको सांगू. तीन वाव हाय.”

यंदा नवा दोर करायचा होता. दोन्ही दोर हौदात भिजत घातले, तेव्हा मी विचारलं, “बाबा, आता माहीत झालं तर सहा फुटांनी बांधायचा का?” त्यांनी तानाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “मंग भेंडी कधी लावायची ते कसं समजन? सारी विहीर याच वावेनं माहीत हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “या वर्षी तू बांध.”

सकाळी अंगणात दोन्ही ताणले. जुन्याच्या खुणेसमोर नव्यावर खूण, एकेक. चामडं जुनंच. पांढऱ्या चिंधीला माझ्या जुन्या ओढणीची किनार लावली. बांधून झाल्यावर तानाबाई दोर गुंडाळायला लागली, तर मी म्हटलं, “थांब.” घरातून टेप आणली. बाबांना एक टोक धरायला दिलं. शिशाच्या बुडापासून एक एक खूण मोजली, आणि प्रत्येक माप वहीत लिहिलं. सगळी जुळली.

मग वहीत खाली तारीख टाकली, आणि लिहिलं :

वाव पाच फूट दोन इंच. दोर तपासला.

आणि सही केली.

तुमची,
वेदश्री